पावणेतीन मिलिमीटर

गेल्या श्रावणात माझ्या ठाणे स्टेशनातली खडी मुंग्यांनी पळवली.

खडी म्हणजे रवा. रुळांखालच्या खडीचा दगड साधारण ५० मिलिमीटरचा धरा. माझं स्टेशन म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल, म्हणून त्याला ८७ ने भागलं की उत्तर अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर येतं. तेवढा दगड बाहेरून मागवला तर पुडीत भरून मिळतो, पण पुडीची किंमत ऐकून मोठ्या दगडावर डोकं आपटावंसं वाटतं. तेव्हा स्वयंपाकघरातून जाडा रवा उचलला, राखाडी पोस्टर कलरमध्ये कालवला, वर्तमानपत्रावर वाळवला आणि फेव्हिकॉलच्या पाण्याने रुळांमध्ये बसवला. इतका हुबेहूब दिसला की दोन दिवस येता-जाता मीच वाकून बघत होतो. तिसऱ्या आठवड्यात फलाट एक आणि दोनच्या मधून एक काळी रेघ हलताना दिसली. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला तिथे स्टेशन दिसतं, त्यांना शिरा दिसतो."

शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. तिथून मूठभर क्रशसँड आणली आणि चहाच्या गाळणीने चाळली. (ती गाळणी आता कायमची माझी. घरात नवी आली.) मुंग्या एकदा येऊन चौकशी करून गेल्या, परत फिरकल्या नाहीत. पण खरं सांगायचं तर रव्याचीच खडी जास्त खरी दिसत होती. दगडाचा चुरा लहान झाला की चुराच दिसतो, रव्याचा कण मात्र दगड दिसत होता. तेव्हापासून या खोलीत बसलो की एकच प्रश्न डोक्यात घोळतो, की कशाकशात किती खोटं चालवून घ्यायचं.

मी ६८ वर्षांचा. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, घर नौपाड्यात. मुलगी लग्न होऊन खारघरला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि मी वर्षभर सभ्यपणे थांबलो. मग आठ बाय चारची अख्खी मरीन प्लाय आणली. लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्याने चार मजले चढवली. आता तिच्यावर रूळ आहेत, तिच्याखाली तारांचं जंजाळ, भिंतीला लागून टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर. दारावर नातीने कागद चिकटवला आहे, 'आजोबांचं कारशेड'.

प्लायवर १९६९ सालचं ठाणे स्टेशन आहे. आहे म्हणजे आपलं म्हणायचं. जगभर जे एचओ नावाचं प्रमाण चालतं ते १:८७. १६ एप्रिल १८५३ ला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला आली, निघताना २१ तोफा उडाल्या, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ते ३४ किलोमीटर अंतर या प्रमाणात ३९० मीटर होतं. म्हणजे आमच्या बेडरूममधून निघून गोखले रोडवर रूळ टाकावे लागतील. तिथल्या वाहतुकीला त्यानेही फारसा फरक पडणार नाही म्हणा.

बरं, नुसतं स्टेशन घेतलं तरी भागत नाही. आजची १२ डब्यांची लोकल १:८७ मध्ये सुमारे २.८५ मीटर होते आणि माझी प्लाय २.४४ मीटर. गाडी पूर्ण लावली तर शेवटचे दोन डबे गॅलरीत. म्हणून माझी लोकल तीन डब्यांची. खरी ब्रॉडगेज गाडी १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणावर घालत नाहीत. ते वळण मॉडेलमध्ये आणायचं तर चार मीटर रुंदीचं वर्तुळ लागेल. माझ्या वळणाची त्रिज्या आहे ४६ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ४० मीटर. असल्या वळणावर खरी लोकल घातली तर मोटरमनला खिडकीतून शेवटचा गार्ड दिसेल आणि दोघं एकमेकांना विचारतील, कुठे निघालात? पारसिकचा बोगदा १९१६ पासून आहे, १.३ किलोमीटर लांब. हिशेबाने तो १५ मीटर हवा. माझा ४० सेंटिमीटर, थर्माकोलच्या डोंगरातला. दुसरा डबा आत शिरतो न शिरतो तोच पहिल्याचं तोंड बाहेर.

यातलं काहीही मला टोचत नाही. जागा नाही, तर नाही. मुंबईच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाला जागा नाही हे कारण समजावून सांगावं लागत नाही. टोचतं ते एकच, आणि त्याचा जागेशी संबंध नाही.

आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. डलहौसीच्या वेळी ठरलेलं. युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज १,४३५. दुकानात मिळणारे एचओचे रूळ त्यांच्या गाड्यांसाठी बनलेले, साडेसोळा मिलिमीटरचे. साडेसोळा गुणिले ८७ करून बघा, १,४३५ येतात, अगदी चोख. आपले १,६७६ भागिले ८७ मात्र येतात सव्वाएकोणीस. फरक पावणेतीन मिलिमीटर.

म्हणजे आपली कोणतीही गाडी एचओमध्ये करायची, तर वरचा डबा आपल्या मापाचा आणि खालचे रूळ परक्या मापाचे. धिप्पाड पैलवानाला नाजूक चपला घातल्यासारखं दिसतं, निदान मला दिसतं. गंमत अशी की माथेरानच्या गाडीचं बरोबर उलटं होतं. तिचं गेज दोन फूट, ६१० मिलिमीटर. ८७ ने भागल्यावर सात मिलिमीटरचे रूळ हवेत, आणि बाजारात सहज मिळतात ते नऊचे. मोठ्या गाडीचे पाय जवळ, छोटीचे फेंगडे. या छंदातले लोक भेटले की पुठ्ठा कोणता, रंग कोणता, चाकं कुठून आणलीस असं तासन्‌तास बोलतात, पण गेजचा विषय निघाला की घरातल्या जुन्या भांडणासारखा सगळे तो हलकेच बाजूला सारतात.

मी एकदा हट्टाला पेटलो. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पीसीबीच्या, म्हणजे सर्किटच्या पाटीच्या, पट्ट्या कापून स्लीपर केले, त्यावर सुटे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर सोल्डर केले. एक फूट रूळ व्हायला तीन आठवडे लागले. मग प्रत्येक चाकाचा आस बदलायला हवा. तोही केला, एका डब्याचा. तो डबा त्या एका फुटावरून दिमाखात इकडून तिकडे गेला. आणि मग आला सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. ज्याने हाताने सांधा केला नाही त्याला रूळ म्हणजे काय ते कळलेलं नाही, असं माझं मत आहे. सरकणाऱ्या रुळाच्या जिभेचं टोक कानशीने घासत घासत केसासारखं करायचं, मधल्या बेचक्यात चाक पडणार नाही एवढीच फट ठेवायची, आणि वर दोन्ही रुळांची वीज एकमेकींना शिवू द्यायची नाही. दोन महिने घातले, चार सांधे फुकट घालवले आणि शरण गेलो. तो एक फूट अजून भिंतीवर लावलेला आहे. पाहुण्यांना वाटतं शिडी आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबरच्या मुलांपेक्षा मीच जास्त वेळ काचेला नाक लावून उभा होतो. दिवे मंद होऊन गाड्या सुरू झाल्या तेव्हा माझं लक्ष गाड्यांकडे नव्हतंच. मी टेबलाखाली वाकून बघत होतो. धंद्याची सवय.

नोकरीला लागलो तेव्हा एक्स्चेंजमध्ये स्ट्रोजर पद्धत होती. तुम्ही डायल फिरवलीत की आकड्यागणिक तितके विजेचे झटके यायचे. सिलेक्टरचा दांडा तितक्या पायऱ्या वर चढायचा, मग आडवा फिरून मोकळी लाइन शोधायचा. अशा शेकडो दांड्यांचा एकदम खडखडाट. बाहेरच्या माणसाला नुसता गोंगाट वाटे, आम्हाला कोणत्या रॅकमध्ये काय बिघडलंय ते आवाजावरून कळे. ही पद्धत शोधणारा आल्मन स्ट्रोजर अमेरिकेतला, अंत्यविधीचं सामान पुरवणारा. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय आला, म्हणून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं अशी गोष्ट सांगतात. पेटंट १८९१ चं. जगातला किती शोध निव्वळ चिडचिडीतून लागला असेल, कुणी तरी मोजायला हवं.

रेल्वेचं सिग्नल आणि आमचं एक्स्चेंज ही एकाच कुळातली भावंडं. सांधा इकडे वळून कुलूप बसलं असेल, आणि पुढचा पट्टा मोकळा असेल, आणि समोरून कुणाला वाट दिलेली नसेल, तरच सिग्नल उतरेल. ही 'आणि', 'किंवा', 'तरच'ची भाषा रिले, म्हणजे विजेने खटकन उघडझाप करणारे स्विच, बोलतात. क्लॉड शॅननने १९३७ च्या प्रबंधात दाखवलं की रिलेंची ही जोडणी म्हणजे बीजगणितच आहे, आणि कॉम्प्युटरचा पाया त्यावर पडला. मला सर्वांत आवडते ती पुढची हकिगत. एमआयटीत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. त्यात दोन जातीची मुलं होती. काही डबे रंगवण्यात रमलेली, आणि काही टेबलाखाली. त्या खालच्यांनी टेलिफोनचे रिले जोडून गाड्यांचं नियंत्रण उभं केलं, आणि पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठात टीएक्स-झीरो नावाचा कॉम्प्युटर हाताळायला मिळाला तसे रात्र-रात्र त्याच्याशी झटू लागले. 'हॅक' हा शब्द आज ज्या अर्थाने जगभर फिरतो तो त्यांच्या क्लबातल्या बोलण्यातून आला. आमच्याकडे कॉम्प्युटर म्हटलं की मुलांना वाटतं फोन आधी आणि खेळणी नंतर. खेळण्यातल्या गाडीखाली टेलिफोनचे रिले घेऊन पालथी पडलेली पोरं त्यांना दाखवायला हवीत.

माझ्या प्लायखालीही दोन जुने रिले आहेत, लोहार चाळीजवळच्या भंगारातून आणलेले. ते बसवले लूपसाठी. लूप म्हणजे गाडी तोंड फिरवून परत त्याच रुळावर यावी म्हणून घातलेला फास. दिसायला निरागस. पण रुळांवर एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे अशी वीज असते, आणि फेरी मारून आलेला डावा रूळ जाऊन उजव्याला भिडतो. गाडी नसतानासुद्धा शॉर्ट. उपाय असा, की लूप दोन्ही टोकांना कापून वेगळा करायचा, आणि गाडी पूर्ण आत असताना मागच्या बाकी सगळ्या रुळांची वीज उलटी करायची. गाडीला काही कळू द्यायचं नाही. आर्डुइनो नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-पाटीवर हे दहा ओळींत होतं, शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने करून दाखवलं. ते मी वापरतो. पण शेवटचा हुकूम रिलेलाच जातो, कारण मला तो खटका ऐकू यायला हवा.

घरातला पहिला कॉम्प्युटर १९९८ चा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, ३२ एमबीची मेमरी. मुलीच्या अभ्यासासाठी घेतला आणि तिने अभ्यास दुसरीकडे केला. त्यावर फोटोशॉप कसं आलं ते विचारू नका. त्या काळात ते सगळ्यांच्या घरी एकाच वाटेने यायचं, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून. पुढे मनाला खाऊ लागलं तसा लिनक्सवर गेलो आणि बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या, फुकट मिळणाऱ्या गिंप या फोटोच्या प्रोग्रॅमशी संसार मांडला. कुरबुरी आहेत, पण आता या वयात कुठे घर बदलता.

फोटोच्या नादाचं मूळ मात्र एका कोटात आहे.

माझे वडील, अण्णा, परळच्या मिलमध्ये फिटर होते. ठाणे-परळ, परळ-ठाणे. १९८२ च्या संपापर्यंत. १९८८ मध्ये ते गेले, तेव्हा हार घालायला त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. होता तो १९६९ चा, ठाणे स्टेशनच्या फलाटावरचा. मामा आग्फा क्लिक थ्री घेऊन आला होता, १२ फोटोंच्या रोलमधला एक उरला होता, तो त्याने निघता निघता अण्णा आणि शेजारचे नाना यांचा काढला. मागे लोकल उभी. नानांचा हात अण्णांच्या खांद्यावर. एका स्टुडिओत तो दिला. आठ दिवसांनी फ्रेम आली, तीत अण्णा काळ्या कोटात, टाय लावून. नाना गेले, हात गेला, लोकल गेली, मागे निळसर धुकं. सगळं ब्रशने रंगवलेलं. फोटोशॉप जगात यायला अजून दोन वर्षं होती. अण्णांनी जन्मात कोट घातला नव्हता. माझ्या लग्नातही नाही. मला ते बघून अंगावर काटा आला होता, पण बारावा तोंडावर होता आणि आई म्हणाली, "चांगले दिसतायत."

तेवीस वर्षांनी कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती निगेटिव्ह सापडली. १२० च्या फिल्मची चौकोनी चौकट, सहा सेंटिमीटर म्हणतात ती, प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर. २,४०० डीपीआयने स्कॅन केली तर २ कोटी ८० लाख पिक्सेल. क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाला एवढं दिसतही नसेल, तो भाग वेगळा. एका कोपऱ्यावर बुरशीची जाळी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे बुरशीला पंगतच, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात जेवायला येणाऱ्यांची कमी नाही. ती जाळी काढायला एक महिना लागला. क्लोनचं हत्यार म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणणं, फाटलेल्या जागी बाजूचाच तुकडा उसना आणून लावायचा. फलाटाची फरशी, लोकलचा पत्रा इथपर्यंत ते बिनदिक्कत चालतं. मग धार वाढवली. त्या क्रियेचं नाव अनशार्प मास्क, आणि काम नावाच्या बरोबर उलटं. डार्करूमच्या काळात निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत मूळ निगेटिव्हला चिकटवून प्रिंट काढत, तिथून ते नाव चालत आलं.

छापून आईला दाखवला. नाना, हात, लोकल, सगळं जागेवर. म्हटलं, आता फ्रेममध्ये हा लावू. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हा तुझ्याकडे ठेव. भिंतीवर कोटवालेच राहू देत. जन्मभर शिवायचा शिवायचा म्हणत राहिला तो कोट, गेल्यावर तरी अंगावर आला."

तो कोट अजून भिंतीवर आहे.

फोटो नीट करतो अशी कुणकुण सोसायटीत लागली आणि लोक येऊ लागले. दिवसा नाही, रात्री दहानंतर, चपला दाराबाहेर काढून, हळू आवाजात. म्हणजे कुणाकडे तरी गेलेलं असतं आणि एकट्याचा फोटो नसतो. आपल्या आईबापांचे एकट्याचे फोटो नसतातच. लग्नातल्या गटातून नाहीतर सहलीतून त्यांना कापून काढावं लागतं, आणि दर वेळी कुणाचा तरी हात खांद्यावर राहतो. किती हात पुसले याची मोजदाद नाही. पुसलेले हात मी फेकत नाही. मूळ फोटो वेगळ्या लेयरवर, म्हणजे खालच्या थरावर, तसाच ठेवून फाइल जपतो. लेयर ही सोय फोटोशॉपमध्ये १९९४ मध्ये आली. माझ्या मते माणसाच्या भल्यासाठी कॉम्प्युटरने केलेल्या पाच-सहा कामांत तिचा नंबर लागावा.

एकदा मात्र चुकलो. मागच्या इमारतीतले एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले, बुरशीने डावा डोळा खाल्लेला. मी हुशारी केली. उजवा डोळा उचलला, आरशासारखा फिरवला, डावीकडे बसवला. कडा इतक्या सुरेख जुळल्या की मी स्वतःची पाठ थोपटली. त्यांनी फोटो हातात धरला, जवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "काका, काम छान झालंय. पण ही आई नाही." मग मलाही दिसलं. उजेड एका बाजूने येत होता, सावली उजव्या पापणीखाली होती, ती मी डावीकडेही तशीच उलटून ठेवली होती. आणि तसंही कुणाचे दोन डोळे एकसारखे नसतात. पुन्हा बसलो, उसना डोळा काढला आणि जे धूसर उरलं होतं तेवढंच थोडं स्वच्छ केलं. ते घेऊन गेले. तेव्हापासून भिंत, पडदा, साडीचा काठ यांना मी काहीही करतो, चेहऱ्यात मात्र बाहेरचं काही घालत नाही.

अलीकडे एआय आलं. बटण दाबलं की काळा-पांढरा फोटो रंगीत. अण्णांच्या फोटोवर केलं तर सदरा आकाशी झाला, लोकल हिरवी. इतक्या आत्मविश्वासाने, की क्षणभर मलाच वाटलं असेल बुवा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंग नसतोच, उजेड किती आला तेवढंच उरतं. अमुक राखाडी म्हणजे निळा होता की गुलाबी, हे त्या राखाडीतून परत काढता येत नाही. यंत्राने लाखो फोटो पाहिलेत, त्यात अशा जागी बहुतेकदा काय असतं ते ते भरून टाकतं. बहुतेकदा सदरे आकाशी असतात. आईला विचारलं. ती ८८ वर्षांची, सकाळी काय जेवली ते विसरते. म्हणाली, "अबोली. मिलच्या दुकानातला कटपीस होता. मी म्हटलं होतं, पुरुषाला का हा रंग? तर म्हणे स्वस्त पडला." मी सदरा अबोली केला आणि बाकी सगळा फोटो काळा-पांढराच ठेवला. त्या एकाच रंगाला साक्षीदार होता.

प्लायवरच्या लोकलला तसं करता येईना, गाडी राखाडी कशी ठेवणार. मी तिला पिवळा-तपकिरी रंग दिला, नोकरीच्या दिवसांत रोज बघितलेला. एका रेल्वेवेड्या मित्राने दारातूनच पकडलं. "स्टेशन एकोणसत्तरचं आणि गाडी नंतरची?" म्हटलं, चहा घेणार का.

या दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती, सहावीतली. तिला मी गेजचं रडगाणं ऐकवलं. तिने वहीत भागाकार करून खात्री केली. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं. मग म्हणाली, "आजोबा, आमच्या मेट्रोचे रूळ किती?" नवी मुंबईची मेट्रो, बेलापूर ते पेंधर, १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ स्टेशनं, तिच्या घरावरूनच जाते. गेज १,४३५. मी गप्प बसलो. तिने गुणाकार केला. साडेसोळा गुणिले ८७. "मग मेट्रो करा ना! काहीच खोटं नाही. आणि तीनच डबे असतात, कापायलाही नको." आता प्लायच्या एका कडेला सनबोर्डचे खांब उभे राहतायत, उत्सव चौक ते सेंट्रल पार्क एवढाच टप्पा. खांबांचं काम तिचं, हिशेब तिचा. माझ्याकडे फक्त कटर, कारण तिच्या आईची तशी अट आहे.

मी त्या चार दिवसांत दुसरंच काम करत होतो. फलाटावर माणसं हवी होती. मिलच्या जुन्या ओळखपत्रावर अण्णांची उंची आहे, पाच फूट सहा इंच. मिलिमीटरमध्ये मांडली तर १,६७६. मी तो आकडा दोनदा मांडला. ब्रॉडगेजची रुंदी आणि अण्णांची उंची एकच. इतकी वर्षं त्या रुळांवरून गेले, त्यांना हे माहीत असतं तर मिलभर सांगत सुटले असते. नानांची उंची कुठे लिहिलेली नाही, पण फोटोत दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पिक्सेल मोजले. अण्णा २,२१०, नाना २,३१०. त्रैराशिक मांडलं, नाना पाच फूट नऊ इंच.

एक्स्चेंजमधली जुनी जंपर वायर आतून, वरून एम-सील. अण्णा सव्वाएकोणीस मिलिमीटर, नाना वीसच्या किंचित वर. व्हर्नियर लावून पाहिलं. अण्णांवर जबडे टेकवून स्क्रू आवळला, आणि तसाच तो नेऊन रुळांवर धरला. दोन्ही बाजूंना बाहेर राहिला, सव्वा-दीड मिलिमीटर इकडे, तेवढाच तिकडे. नानांचा हात दोन मिलिमीटरचा. एम-सील वाळायच्या आत तो खांद्यावर बसवायला तीन प्रयत्न लागले, भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून. सदरा सुईच्या टोकाने रंगवला.

फेव्हिक्विक धरेपर्यंत दोघांना चिमट्यात पकडून होतो तेवढ्यात नातीने गाडी सोडली. तीन डब्यांची लोकल वळणावर कंबर लचकवत आली आणि अण्णांच्या पुढ्यात थांबली.

"यातले पणजोबा कुठले?"

"अबोली सदरा."

"मग चढत का नाहीत?"

"ही कल्याणला चाललीये. त्यांना परळला जायचंय."

तिने क्षणभर रुळांकडे पाहिलं, बोगद्यापलीकडच्या लूपकडे पाहिलं. "थांबा, फिरवून आणते," म्हणाली आणि सांधा बदलला. गाडी थर्माकोलच्या डोंगरात शिरली, पलीकडे निघाली, वळली. प्लायखाली रिले खटकला.